ज्या बिलाला तुझा विरोध आहे, ते तूच लिहायचं

प्रिय ताई,

मी मूळची सोलापूरची. पुण्यात एलएल.बी. केलं, मग अमेरिकेत एलएल.एम. आणि बारची परीक्षा. गेली तीन वर्षं इथल्या एका राज्याच्या विधिमंडळात कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या कार्यालयात वकील म्हणून नोकरी करते. आमचं कार्यालय कुठल्याच पक्षाचं नाही. डेमोक्रॅट येवो की रिपब्लिकन, ज्या सदस्याला जे बिल हवं ते आम्ही लिहून द्यायचं.

या सेशनला माझ्या वाट्याला (विषय वगळला आहे) याबद्दलचं बिल आलंय. ते हातात आल्यापासून माझी झोप उडालीय. उद्या पास झालं तर माझ्या ओळखीच्या माणसांना त्याचा त्रास होणार. स्पॉन्सरना, म्हणजे हे बिल मांडणाऱ्या सदस्यांना, कायद्यातलं फारसं कळत नाही. व्याख्येत मी एखादी फट सोडली तर त्यांच्या लक्षातही येणार नाही, आणि पुढे कोर्टात ते टिकणार नाही. असं करावंसं वाटतं, आणि वाटतं म्हणून स्वतःचीच भीती वाटते.

दुसरं असं की, इथल्या महाराष्ट्र मंडळातली माझी जवळची मैत्रीण एका संघटनेचं काम करते. तिला या बिलाची कुणकुण लागलीय. "बाकी काही नको, नुसतं हो की नाही तेवढं सांग," म्हणते. मी टाळतेय, तर तिला वाटतंय मी बदलले.

घरी आणखी निराळंच. नवरा म्हणतो, तुम्ही म्हणजे महागडे टायपिस्ट. आईला तर मी नेमकं काय करते ते अजून समजावता आलेलं नाही. ती नातेवाइकांना "विधानसभेत आहे" एवढंच सांगते आणि निम्म्या सोलापूरला वाटतं मी आमदार झाले. सोडावी का ही नोकरी?

— एक मसुदाकार

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या कंसाबद्दल. तुझ्या पत्रात बिलाचा विषय, स्पॉन्सरचं नाव आणि राज्य, तिन्ही होतं. ते मी काढून टाकलं आणि मूळ ईमेलही पुसली. हे बिल अजून सभागृहात दाखल झालेलं नाही. तोवर ते त्या सदस्याचं आणि तुझं आपसातलं काम आहे, आणि तू ते सदर लिहिणाऱ्या एका अनोळखी बाईला सविस्तर कळवलंस. कोलोरॅडोसारख्या राज्यात तर दाखल होण्याआधीची मागणी गुप्त ठेवायची हे कायद्यातच लिहिलेलं आहे. तुझ्या राज्यातला नियमही फार वेगळा नसणार. मी रागावत नाहीये. जीव घाबरा झाला की माणूस कुणापाशी तरी मोकळं होतं. पण तुझ्या कार्यालयात तुझ्यावर एक वरिष्ठ वकील असेलच. त्यांच्याशी हे सगळं नावानिशी बोलायची तुला पूर्ण मुभा आहे, आणि हे पत्र खरं तर त्यांच्या टेबलावर जायला हवं होतं.

वाचकांनीही अंदाज बांधत बसू नये. पुढची सगळी उदाहरणं दुसऱ्या राज्यांतली आणि केव्हाच जाहीर झालेली आहेत.

आता फटीचं बोलू. निवृत्त होईपर्यंत मीही हेच काम केलं, त्यामुळे हा मोह मला परका नाही. सेशनच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री अकराला, नावडत्या बिलाची दुरुस्ती लिहिताना तो हटकून येतो. तुझा हिशेब असा की, व्याख्या ढिली ठेवली की कोर्ट ती मोडीत काढेल आणि माणसं वाचतील. पण कायदा आधी कोर्टात जात नाही, तो आधी खिडकीवर जातो. लायसन्स देणारा कारकून, गस्तीवरचा पोलीस, घरमालक, कंपनीतली एचआरवाली बाई हे त्याचे पहिले वाचक. कलम धूसर असलं की यातला प्रत्येक जण आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून त्याचा जास्तीत जास्त कडक अर्थ लावतो. कोर्टाचा निकाल यायला वर्षं लागतात. त्या वर्षांत वकील करायची ज्यांची ऐपत नाही तेच भरडले जातात, म्हणजे नेमकी ती माणसं, ज्यांच्यासाठी तू ही फट सोडणार होतीस.

आणि फट कुणाच्या बाजूने उघडेल ते तुझ्या हातात नसतं. मेन राज्यातला तो स्वल्पविरामाचा खटला तुमच्या प्रशिक्षणात येऊन गेलाच असेल. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तिथल्या ओव्हरटाइमच्या कायद्यात काही कामं वगळली होती: नाशवंत माल डबाबंद करणं, गोठवणं, सुकवणं, साठवणं अशी यादी, आणि शेवटी 'पाठवणीसाठी पॅक करणं किंवा वितरण'. त्या 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हे यादीतलं स्वतंत्र काम, की फक्त 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅक करणं' एवढंच एक काम? ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, आम्ही माल पोचवतो, पॅक करत नाही, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये फेडरल अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवून कौल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला, आणि पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. यात लबाडी कुणाचीच नव्हती. मेनच्या मसुदा-लेखनाच्या नियमपुस्तिकेतच असा स्वल्पविराम देऊ नये असं सांगितलेलं होतं.

ड्रायव्हर जिंकले म्हणून ही गोष्ट सगळे हसत हसत सांगतात. पुढचा भाग कुणी सांगत नाही. विधिमंडळाने ते कलम लगेच दुरुस्त केलं, प्रत्येक कामानंतर अर्धविराम टाकला आणि वितरण यादीत वेगळं, ठसठशीत बसवलं. पुढच्या ड्रायव्हरांसाठी दार बंद. फटीचं आयुष्य ती कुणाच्या लक्षात येईपर्यंतच असतं, आणि मग ती बुजवताना पहिल्यापेक्षा घट्ट बुजवतात.

मग समोर खड्डा दिसत असताना गप्प बसायचं का? मुळीच नाही. गुपचूप फट सोडणं ही दगाबाजी आहे, पण खड्डा स्पॉन्सरला दाखवणं हे तुझं कर्तव्य आहे. ॲरिझोनाने २०१० मध्ये स्थलांतरितांबद्दलचा कडक कायदा केला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे त्यातली चार कलमं आली आणि तीन उडाली, कारण तो विषय केंद्राच्या कायद्याने आधीच व्यापलेला होता. अशी टक्कर तुला मसुदा लिहितानाच दिसत असेल तर एक टिपण लिही. भाषा साधी ठेव: हे कलम अमुक फेडरल कायद्याशी भिडतं, हे समान संरक्षणाच्या तत्त्वावर अडकेल, तुमचा हेतू अमुक असेल तर तो या दुसऱ्या मार्गाने साधता येईल. टिपण लिहून झालं की स्वतःला विचार, माझ्या आवडत्या सदस्याला मी हेच याच शब्दांत लिहिलं असतं का? 'धोका संभवतो'च्या जागी 'निश्चितपणे घटनाबाह्य' असं पडलं असेल तर ते कायद्याचं ज्ञान नाही, तो तुझा राग आहे. खोड.

शिवाय हे कागद टिकतात. विस्कॉन्सिनमध्ये मसुद्याच्या फायली पुढे लोकांना पाहायला खुल्या होतात आणि संशोधक, वकील त्या वाचायला येतात. तुझ्याकडे तसं नसलं तरी, आपलं टिपण उद्या न्यायाधीश वाचतील असं समजूनच लिहावं.

तू म्हणशील, असं केलं तर बिल उलट मजबूतच होईल. होईल. तू पगार त्याचाच घेतेस, हे कडू आहे पण खरं आहे. मात्र माझा अनुभव सांगते. नुसते नेहमीचे प्रश्न नीट विचारले तरी बिलाचा आकार बदलतो. अंमलबजावणी कोणता विभाग करणार? दंड की गुन्हा? पैसे कुठून? ज्यांनी आधीच करार केलेत त्यांचं काय? कायदा कधीपासून लागू? बरेचसे सदस्य एक ओळ घेऊन येतात, नाहीतर दुसऱ्या राज्याच्या कायद्याची झेरॉक्स, किंवा कुण्या लॉबिस्टने हातात ठेवलेला तयार मसुदा. या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता काहींचं निम्मं बिल आपोआप गळून पडतं, आणि ते त्यांनी स्वतः गाळलेलं असतं, तू नाही. हे प्रश्न डावपेच म्हणून मात्र विचारायचे नाहीत. सगळ्यांना सारखेच विचारायचे.

यावरून आठवलं. नावडत्या बिलाची तुला इतकी काळजी, पण आवडत्या बिलांचं काय? तिथला धोका जास्त मोठा, कारण तिथे आपण बेसावध असतो. स्पॉन्सरने मागितलेलं असतं एक, आणि आपण चांगुलपणाच्या भरात व्याख्या जरा रुंद करतो, एखादा अधिकार वाढवून ठेवतो, 'त्यांना हेच हवं असणार' म्हणून. मी तपासणीला बसायचे तेव्हा तरुण वकिलांच्या मसुद्यांत पक्षपात सापडायचा तो बहुतेक वेळा याच प्रकारचा. गेल्या सेशनमधलं तुझं सगळ्यात लाडकं बिल काढ आणि मागणीच्या ईमेलशेजारी ठेवून वाच. मागणीत नसलेलं जेवढं सापडेल तेवढी तू त्या राज्याची न निवडलेली आमदार होतीस. (सोलापूरकरांचं मग काही फार चुकलेलं नाही.)

या कामातला कस कुठे लागतो याचं आपल्या लोकांच्या जवळचं एक उदाहरण देते. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात सिनेटर आयशा वहाब यांनी जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारं एसबी ४०३ हे बिल आणलं. तेव्हा आपल्या मंडळांमध्ये, देवळांमध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपांवर काय काय झालं ते आठवत असेल. माणसं माणसांशी बोलेनाशी झाली. त्या गदारोळात मसुद्याचा एक प्रश्न होता: संरक्षित गोष्टींच्या यादीत जात हा स्वतंत्र शब्द घालायचा, की 'वंशपरंपरा' ही जी गोष्ट कायद्यात आधीपासून आहे तिच्या व्याख्येत जात बसवायची? बिल निघालं पहिल्या रूपात आणि दुरुस्त्या होता होता दुसऱ्या रूपात आलं. दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं, आणि ७ ऑक्टोबरला गव्हर्नर न्यूसम यांनी सध्याच्या कायद्यात हे संरक्षण आहेच असं कारण देत व्हेटो केला.

मूळ बिल आणि त्याला कापणाऱ्या-जोडणाऱ्या दुरुस्त्या, दोन्ही एकाच कार्यालयातून लिहून जातात. कॅलिफोर्नियात हे कार्यालय १९१३ पासून आहे आणि तिथे प्रत्येक बिलाच्या माथ्यावर त्यांनीच लिहिलेला गोषवारा छापलेला असतो: आजचा कायदा असा, या बिलाने तो असा होईल. बस. एसबी ४०३ वरून घराघरांत भांडणं झाली, पण त्या गोषवाऱ्यावर 'हा पक्षपाती आहे' म्हणून कुणी भांडल्याचं मी ऐकलं नाही. तो लिहिणाऱ्याचं जातीबद्दल काय मत होतं, त्याला व्हेटोने बरं वाटलं की वाईट, कुणालाच माहीत नाही. त्याला मत नसेल असं नाही. मत असणारच, ते कागदावर उतरलं नाही एवढंच. तुला कसला साधूसंतांचा अलिप्तपणा जमवायचा नाहीये. जमवायचं आहे ते एवढंच.

मैत्रिणीचं आता. "नुसतं हो की नाही" हाच सगळ्यात महागडा प्रश्न असतो. आणि सावध राहा, टाळण्यातूनही उत्तर जातं. काही येणार नसेल तेव्हा 'छे गं, काही नाही' आणि येणार असेल तेव्हा 'मला बोलता येत नाही' असं तू म्हणत आली असशील, तर तुझं गप्प बसणं म्हणजेच हो. उत्तर नेहमी एकच हवं, विषय कोणताही असो, बिल असो वा नसो: "ऑफिसातलं मी काहीच बोलत नाही." 'या आठवड्यात वेबसाइटवर लक्ष ठेव' हेही नाही, ते तर सरळ सांगण्यासारखंच आहे. तिला मनापासून मदत करायची असेल तर जे सर्वांना खुलं आहे ते शिकव. बिल दाखल झालं की कुठे दिसतं, समितीची सुनावणी कशी कळते, तिथे बोलायला नाव कसं नोंदवतात. कोलोरॅडोत दाखल झालेल्या प्रत्येक बिलाला समितीपुढे सुनावणी आणि मतदान मिळावं लागतं. १९८८ मध्ये लोकांनी घटनादुरुस्ती करून ते मिळवलं. तुझ्या राज्यात काय नियम आहे ते तिला सांग. एवढी माहिती असली की कुणकुणीवर जगायची गरज तिला उरत नाही. तरीही ती रुसलीच तर रुसू दे. तिच्या विरोधी गटातली बाईही तुमच्याच मंडळात स्टेजमागे लेझीमच्या मुली उभ्या करत असेल, आणि तिलाही तुझ्याकडून हेच मौन मिळायला हवं.

सोशल मीडिया, वर्गणी, अंगणातल्या निवडणुकीच्या पाट्या यांबद्दल कार्यालयाचे नियम असतात, ते वाच आणि नवऱ्यालाही वाचायला दे. मत देणं तुझं, बाकी गुमान.

आणि तो टायपिस्ट म्हणतो, तर त्याला सांग की हे कार्यालय का सुरू झालं. १९०१ मध्ये मॅडिसन इथे चार्ल्स मॅकार्थी नावाच्या माणसाने विस्कॉन्सिनच्या विधिमंडळात संदर्भ ग्रंथालय उभं केलं आणि त्यातूनच पुढे मसुदे लिहून देण्याची सेवा वाढली. त्याचं म्हणणं असं की, रेल्वे आणि मोठ्या कंपन्यांकडे उत्तम वकील असतात. शेतकरी किंवा दुकानदार म्हणून निवडून आलेल्या सदस्याकडे कोण असतं? मग कायदे कंपन्यांच्याच वकिलांच्या लेखणीतून उतरणार. तुझ्या स्पॉन्सरना कायद्यातलं कळत नाही म्हणतेस ना? त्यांच्यासारख्यांसाठीच ही खुर्ची ठेवलेली आहे. ते तुला आवडणाऱ्या पक्षाचे नाहीत हा त्या खुर्चीचा दोष नाही.

आईला समजवायला आणखी सोपं आहे. तिला सांग, मुंबईत सरकारी विधेयक मंत्रालयातला विधी व न्याय विभाग लिहितो आणि ते मंत्री मांडतात. एकट्या आमदाराने किंवा खासदाराने आणलेलं विधेयक बहुधा चर्चेपुरतंच. दिल्लीत असं अशासकीय विधेयक शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये. इथे उलटं आहे. बहुतेक बाबतींत गव्हर्नरलाही एखादा सदस्य गाठावा लागतो, आणि साध्यातल्या साध्या सदस्याचं बिल कायदा होऊ शकतं. कोलोरॅडोचे शंभर सदस्य, प्रत्येकाला साधारण पाच बिलं, सेशन १२० दिवसांचं. ती सगळी तुझ्यासारखे पगारी वकील लिहितात आणि नाव सदस्याचं लागतं.

नाव न लागण्याचं तुला वाईट वाटतं असं तू लिहिलं नाहीस, पण 'टायपिस्ट' लागलं ते त्यामुळेच असावं. म्हणून एक सांगते. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी श्रेय वाटून दिलं. काही श्रेय घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांना, आणि त्याहून मोठा वाटा एस. एन. मुखर्जी यांना. मुखर्जी हे प्रमुख मसुदाकार. कितीही गुंतागुंतीचा प्रस्ताव असो, तो सोप्या, स्वच्छ कायदेशीर भाषेत मांडण्याची त्यांची हातोटी क्वचितच कुणाला साधेल, अशा अर्थाचं बाबासाहेब बोलले. घटना समितीत प्रत्येक कलमावर चार बाजूंची माणसं तुटून पडत होती आणि जे ठरे ते मुखर्जी लिहून काढत. त्यातलं काय त्यांना पटलं होतं आणि काय नाही, ते मी कुठे वाचलेलं नाही.

नोकरी सोडायची की नाही, याचं उत्तर मी देणार नाही आणि सेशन चालू असताना तूही देऊ नकोस. मार्च-एप्रिलमध्ये या धंद्यातल्या प्रत्येकाला राजीनामा सुचतो. सेशन संपू दे, सोलापूरला जाऊन ये, मग ठरव. एखादी व्यक्ती वर्षानुवर्षं दर दुसऱ्या बिलाला अशीच जळत असेल तर तिने खुशाल वकिली संघटनेत जावं, उघडपणे एका बाजूने लढावं. तेही तितकंच चांगलं काम आहे.

या एका बिलापुरतं मात्र दुसरंही दार आहे. खरोखरच हात चालत नसेल तर वरिष्ठांना सांग की हे मला नको, दुसऱ्या कुणाला द्या. कारणाचा पाढा वाचू नकोस, दोन वाक्यं पुरतात. चांगल्या कार्यालयात याचा कुणी बाऊ करत नाही, फक्त वर्षाआड हे हत्यार काढायचं नाही. आणि सांगायचं तर मसुदा उघडण्याआधी, उद्या सकाळीच सांग. अर्धा लिहून, स्पॉन्सरशी दोनदा बोलून मग सोडलास तर पुढच्या वकिलाला तुझी वाक्यं तपासत बसावं लागेल, की यात हिने मुद्दाम काही सोडलंय का.

— तुझी ताई